जाऊदे मॅनेजर

साखरखेर्डा
१० नोव्हेंबर २०२४

नसीमाआपा,

जय भीम आणि सलाम.

परवा तुमचा फोन आला. तुम्ही "हॅलो, कोण बोलून राह्यलं?" म्हणत राहिलात, मी "महामाया, महामाया" म्हणत राहिले, आणि शेवटी तुम्ही "राँग नंबर हाय" म्हणून ठेवून दिलात. आपा, फोन तुम्हीच केला होता. मुलाने घेऊन दिलेलं कानाचं मशीन तुम्ही पेटीत ठेवता आणि सगळ्या जगाला ओरडायला लावता. त्यापेक्षा आपलं पत्र बरं. शेजारी होतो तेव्हा भिंतीवरून बोलायचो, आता पोस्टातून बोलू.

कामाचं आधी विचारते. आपल्या पंचशील क्लबाचा अध्यक्ष ज्ञानेश्वर सांगत होता की तुमच्या जळगाव जामोदच्या सातपुडा क्लबाने नवा मॅनेजर आणला आहे, आणि तो शेषराव आहे. आपला शेषराव. मला खोटंच वाटलं. पंचशीलमध्ये घडलेला माणूस सातपुडावाल्यांच्या खुर्चीत बसेल हे मनात तरी कसं यावं? मागच्या वर्षी हरल्यावर ज्यांनी आपल्या मैदानाची माती फार कडक आहे अशी तक्रार केली, त्यांच्याकडे!

तुम्ही तिकडे राहायला गेलात तरी तुमचा जीव पंचशीलमध्येच आहे, म्हणून तुम्हालाच विचारते. तो कसा दिसतो, पोरांना काय शिकवतो, किती गोलांनी हरतो, सगळं लिहा. हरण्याचं जरा सविस्तर लिहा.

शेषरावबद्दल मला काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे. यांनी आणि त्याने मिळून क्लब काढला. हे गोलात उभे राहायचे, तो पुढे खेळायचा. तो खेळ मी पाहिलेला नाही, कारण तेव्हा बायका मैदानाकडे फिरकत नसत. मी जायला लागले ते हे पोरांना शिकवायला लागल्यावर, आणि तेव्हा शेषराव सुरतेला निघून गेला होता. का गेला? तर शिकवायला गावाने यांना निवडलं, त्याला नाही. एवढ्यावरून रुसला तो रुसलाच. हे गेले तेव्हा मी निरोप पाठवला होता, तरी आला नाही. सोबतचा माणूस मेला तरी ज्याचा रुसवा जात नाही, तो बारा-पंधरा पोरांना काय सांभाळणार?

सव्वीस जानेवारीपासून इथे यांच्या नावाची स्पर्धा आहे. पहिल्या मॅचच्या आधी दोन्ही मॅनेजरांना टॉवेल-टोपी देऊन मान करायचा असतो, आणि तो मीच करते. तो आलाच, तर त्याला माझ्या हातून टॉवेल मिळणार नाही. आताच सांगून ठेवते.

तुमच्या गनीभाईंना सलाम सांगा.

तुमची
महामाया

*

जळगाव जामोद
२४ नोव्हेंबर २०२४

माया,

खुश राहा.

मशीनचं नाव काढू नको. ते कानात घातलं की स्वतःचंच चावणं ऐकू येते. साठ वर्षं जेवली, पण एवढा आवाज होत असतो हे माहीत नव्हतं.

तुझी बातमी खरी आहे. शेषरावची मुलगी इथे दिली आहे. सुरतेची नोकरी संपली, बायको गेली, म्हणून मुलीकडे आला. सातपुडावाल्यांना फुकटात मॅनेजर पाहिजे होता आणि याला घराबाहेर बसायला जागा. असं ते लग्न जमलं. क्लबाचा मालक म्हणजे कामरानसेठ, सिमेंटवाला. त्याला फुटबॉलमधलं एवढंच कळते की बॉल गोल असतो.

शेषराव आता वाळलेल्या भेंडीसारखा दिसतो. डोक्यावर तेल, गळ्यात शिट्टी, पँट छातीपर्यंत. चहाला रोज आमच्या गादीच्या दुकानासमोर येतो आणि आमच्याच कापसाच्या गाठोड्यावर बसून पितो. आमचे हे त्याला "या मॅनेजरसाहेब" म्हणतात आणि मला डोळा मारतात.

आता तुला पाहिजे ते. नांदुऱ्याशी चार गोलांनी हरले. त्याचं काही सांगण्यासारखं नाही, साधं हरणं होतं. पण मलकापूरची मॅच मी गच्चीवरून पाहिली. आमचे हे बाजूला बसून माझ्या कानात वरडून सांगत होते, म्हणून खाली मैदानावरही सगळ्यांना कळत होतं.

सातपुडाचा जाकीर म्हणून डावा बॅक आहे, मोठ्या मशिदीजवळ शिवणकाम करतो. बॉल त्याच्या पायाशी आला. मलकापूरचे दोघं अंगावर येऊन राहिले. याचा मॅनेजर बाहेरून वरडला, "जाऊ दे! जाऊ दे!" जाकीरनं पाय उचलला. बॉल त्याच्या पायाखालून आरामात गेला, पाहुणा गेल्यासारखा. मलकापूरवाल्यानं गोल केला.

शेषराव मैदानात घुसला. "अरे, जाऊ दे म्हणलो ना तुला? मग का न्हाई जाऊ दिलं?"

जाकीर म्हणे, "देलं ना! गेला ना थो! आन् कसा जाऊ देऊ?"

"अरे तुला म्हणलो जाऊ दे!"

"मंग गेला ना, साहेब! पाहून या, जाळीत हाय!"

माया, खुदाची कसम, लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. त्यानंतर तसाच अजून एक गोल झाला. आता गावात त्याला कोणी शेषराव म्हणत नाही. जाऊदे मॅनेजर म्हणतात. चहावाला विचारतो, "मॅनेजर, साखर टाकू का जाऊ दे?"

आमचे हे म्हणतात, असा माणूस समोरच्या क्लबाला देव देतो.

तुझी
आपा

*

साखरखेर्डा
५ डिसेंबर २०२४

नसीमाआपा,

तुमचं पत्र ज्ञानेश्वरला वाचून दाखवलं. तो दुकानात हसत हसत तेलाच्या डब्यावर बसला आणि डबा कलंडला. मग क्लबातल्या पोरांनी ऐकलं. आता आमच्याकडेही कोणाचा बॉल सुटला की बाकीचे "जाऊदे मॅनेजर" म्हणून ओरडतात.

मी मात्र हसले नाही. का, ते तुम्हाला सांगते, बाकी कोणाला सांगितलेलं नाही.

यांचा शेवटचा शब्द तोच होता.

संभाजीनगरच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी त्यांचा हात हातात घेऊन बसले होते. मी काही विचारलं नव्हतं. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आपला हात सोडवून घेतला आणि माझा हात असा पुढे ढकलला. आणि म्हणाले, "जाऊ दे." हळू नाही म्हणाले. अंगात जेवढा जोर उरला होता तेवढा लावून म्हणाले. नर्ससुद्धा वळून पाहायला लागली. मग काही बोलले नाहीत.

मी त्याचा काय अर्थ लावायचा? सोड, राहू दे, पुरे झालं. जन्मभर पोरांना शिकवायचे की शिट्टी वाजेपर्यंत मान खाली घालायची नाही, आणि स्वतःची शिट्टी वाजायच्या आधीच मैदान सोडलं. वर माझा हात झटकून. त्यांची आठवण काढताना मी रडते असं लोकांना वाटतं. आपा, अर्ध्या वेळा मला राग आलेला असतो. पेपर वाचत बसते, पुस्तक वाचत बसते, आणि एखाद्या ओळीत तो शब्द येतो की पान मिटून टाकते. वाचायला मी माझी मी शिकले, पुड्यांच्या कागदांवर. तेव्हा काय माहीत की एक साधा शब्द वाचणं इतकं जड जाईल.

म्हणून शेषरावचं ऐकून मला हसू नाही, किळस आली. पोराच्या पायाशी बॉल आहे, मागे आपला गोल उघडा आहे, आणि बाहेर उभा राहून म्हणतो, जाऊ दे. हरलेल्या माणसाचा शब्द आहे तो. असा माणूस मॅनेजर होतो आणि लोक त्याला पाणी आणून देतात!

एक काम करा. गनीभाईंना म्हणावं, कामरानसेठच्या कानावर घाला की मॅनेजर बदलण्याची घाई करू नका. सव्वीस जानेवारीपर्यंत तो टिकला पाहिजे. त्याला दुसऱ्या कोणी काढलेलं मला नको. त्याला इथे, यांच्या मैदानावर, आपल्या पोरांकडून हरलेलं पाहायचं आहे.

उद्या सहा डिसेंबर. सकाळी विहारात जायचं आहे, म्हणून इथेच थांबते.

तुमची
महामाया

*

जळगाव जामोद
२२ डिसेंबर २०२४

माया,

तुझं पत्र मिळालं. दोन आठवडे झाले, उत्तर द्यायला उशीर झाला. इथे थंडी पडली आहे. लग्नाच्या गाद्यांचं काम आलं आहे, कापूस नाकातोंडात जातो.

सातपुडा खामगावला हरला. कामरानसेठनं शेषरावला सांगितलं की साखरखेर्ड्याची मॅच हरली तर तू घरी. तुझ्या मनासारखं झालं.

बाकी काय लिहू. सगळं ठीक आहे. तुझ्या गुडघ्याला गरम विटेचा शेक दे.

तुझी
आपा

*

साखरखेर्डा
३ जानेवारी २०२५

नसीमाआपा,

तुमच्या पत्रात गुडघा आणि कापूस सोडून काहीच नाही. माझं अख्खं काळीज मी त्या आधीच्या पत्रात घातलं, आणि तुम्ही विटेचा शेक सांगता.

मला कळलं काय झालं ते. ज्ञानेश्वरचा साडू तुमच्याकडे बाजाराला आला होता. त्याने पाहिलं, शेषराव तुमच्या दुकानात, बाहेर नाही, आत बसला होता. नव्या गादीवर. आणि तुम्ही स्वतः त्याला चहा देत होतात, बशीत बिस्किटं घालून. म्हणजे दया आली. वाळलेली भेंडी पाहून तुमचं मन पाघळलं. आपा, हीच त्या माणसाची कला आहे. खेळता येत नाही, शिकवता येत नाही, तोंड मात्र असं करतो की समोरच्याने ताट वाढावं.

तुम्हाला सातपुडाच्या बाजूने व्हायचं असेल तर खुशाल व्हा. फक्त मला सांगा, म्हणजे मी भिंत समजून चुकीच्या दाराशी बोलणार नाही.

चिठ्ठ्या निघाल्या. पहिलीच मॅच पंचशील विरुद्ध सातपुडा. झेंडावंदन झालं की लगेच. स्पर्धेला यांचं नाव लागण्याआधीच यांनी एक रीत घालून दिली होती, ती अजून चालते: हरलेल्या क्लबाच्या मॅनेजरने तोंडी तक्रार केली, तर मॅच पुन्हा खेळवायची. सातपुडावाले ही रीत दरवर्षी वापरतात. शेषरावही वापरणार. वापरू दे. दोनदा हरवू.

टॉवेल-टोपी आणली आहे, एकाच मॅनेजरची. दुसरी ज्ञानेश्वरने आणून ठेवली.

महामाया

*

जळगाव जामोद
१२ जानेवारी २०२५

माया,

बिस्किटं चार होती. त्यानं दोन खाल्ली. ज्ञानेश्वरच्या साडूला सांग, नीट मोजत जा.

तू मला बोललीस ते बरं केलंस. मी गप्प होती ते दयेमुळे नाही. तुला सांगावं की नको, हेच ठरत नव्हतं. तू रागाच्या आधारानं उभी आहेस असं मला वाटलं, आणि उभ्या माणसाचा आधार काढायचा म्हटलं की हात मागे येतो. पण आता सांगते.

खामगावला हरून आले त्या दिवशी कामरानसेठ आमच्या दुकानात येऊन शेषराववर बरसला. "तुमी पोरायले बॉल सोडाले काऊन सांगता? पैसे घेतले काय कोणाचे?"

शेषराव गडबडला. "सोडा कुठं म्हणलो? मी तर म्हणतो, जाऊ दे."

"मंग थेच तं!"

"अहो, जाऊ दे म्हंजे मारा! सगळा जोर लावून मारा! आमच्याकडं तसंच म्हणतेत."

आमचे हे म्हणाले, "साखरखेर्ड्यात वीस वर्षं काढली मी, तिथं कोणी असं नाही म्हणत."

तेव्हा तो थांबला, माया. मग म्हणाला, "हाव की. आमच्याकडं म्हंजे... आम्ही दोघंच म्हणायचो. प्रेमानंद अन् मी."

मला तेव्हा यातलं काही ऐकू येत नव्हतं, नुसती तोंडं दिसत होती; हे बोलणं आमच्या यांनी मागून सांगितलं. पण प्रेमानंदभाऊचं नाव ओठावर दिसलं. मी पुढे होऊन म्हटलं, "काय म्हटलं भाऊचं? माझ्या कानात सांग." त्यानं सांगितलं, आणि अख्ख्या बाजारानं ऐकलं. तरी मला पुरं कळेना, म्हणून त्यानं आमची एक उशी उचलली. नवी, कोरी. छातीशी बॉल धरावा तशी धरली आणि उजवा हात असा पुढे ढकलून फेकली. "जाऊ दे!" उशी कामरानसेठच्या चहावर पडली. सेठचा पांढरा झब्बा, आमची पांढरी उशी, दोन्ही गेले.

त्यानं सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. "प्रेमानंद गोलातून असा बॉल द्यायचा अन् वरडायचा, जाऊ दे. म्हंजे मी हाय हितं मागं. तू घे अन् पळ. मागं पाहू नको."

मग तो उशी उचलायला वाकला आणि लवकर वर उठला नाही. त्या दिवशी मी त्याला आत बसवलं.

मी त्याला सोडलं नाही, बरं. विचारलं, "मौतीला काऊन नाही आला?" म्हणे, निघालो होतो, बुलढाण्यापर्यंत आलो, स्टँडवर बसलो आणि तिथूनच परत फिरलो. मी म्हटलं, "भेकड." तो म्हणाला, "हाव."

तू दवाखान्यातलं लिहिलं होतंस ते मी त्याला सांगितलेलं नाही. ते तुझं आहे.

तुझी
आपा

ता. क. कामरानसेठनं त्याला तो शब्द बंद केला आहे. बोलला तर तिथेच काढीन म्हणतो. पण पोरांचं तू विचारू नको. इकडे कोणी भाजीवाल्याला "जाऊ दे" म्हटलं तरी जाकीर पाय उचलतो.

*

साखरखेर्डा
२८ जानेवारी २०२५

नसीमाआपा,

तुमचं पत्र मिळालं. एकदाच वाचलं, तेवढ्याने पुरलं. उत्तर लिहायला बसले होते, पण कागदावर नुसतं "नसीमाआपा" लिहून उठले.

आता मॅचचं ऐका.

झेंडावंदन झालं. शाळेचे शंकरराव सर रेफरी होते. ज्ञानेश्वरने माझं नाव पुकारलं. आपल्या मॅनेजरला मी टॉवेल-टोपी दिली. मग शेषराव पुढे आला. तुम्ही म्हटलंत तसाच, पँट छातीपर्यंत. मी त्याच्या वाट्याचा टॉवेल टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसले. सगळ्यांनी पाहिलं. तो टॉवेलला हात न लावता नमस्कार करून गेला. तुमचं पत्र माझ्या पिशवीत होतं, तरी मी असं केलं. एका उशीने त्याच्या रुसव्याची वीस वर्षं धुऊन निघत नाहीत.

त्याचा क्लब किती बेकार आहे ते तुम्ही लिहिलं होतंत, पण पाहिल्याशिवाय कळत नाही. एकाच बॉलवर त्यांचेच तिघं धावतात आणि एकमेकांना सॉरी म्हणतात. मॅनेजर रेषेवर उभा, तोंडात रुमाल धरून. खरंच धरला होता, दातांत, शब्द बाहेर पडू नये म्हणून. आमच्याकडची पोरं त्याच्या मागे जाऊन हळूच "जाऊदे, जाऊदे" म्हणत होती आणि त्याची मान लाल होत होती. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू?

तरी गोल होईना. आपलेही काही फार चांगलं खेळत नव्हते. मॅच संपत आली. त्यांचा एक फटका आपल्या गोलकीने छातीवर घेतला. घेतला आणि उभा राहिला. समोर प्रसेनजित, आपला फॉरवर्ड, पळायला सुटला होता. गोलकीने बॉल धरला आणि उजवा हात असा पुढे ढकलला.

आपा, मला काय झालं मला माहीत नाही. मी खुर्चीतून उठले होते. तोंडातून निघालं, "जाऊ दे!"

एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. तुम्हालासुद्धा ऐकू आलं असतं.

बॉल प्रसेनजित आणि जाकीर यांच्या मधे पडला. जाकीर जवळ होता. नुसता पाय लावला असता तर बॉल बाहेर गेला असता. त्याने हाक ऐकली आणि पाय उचलला. प्रसेनजितने मागून येऊन मारला. गोल.

मग जे झालं ते तुमच्याकडे पोचलं असेलच. कामरानसेठ मैदानात. "बाईनं धोका देला! बाईले कार्ड दाखवा!" शंकरराव सर बिचारे शिट्टी हातात धरून माझ्याकडे पाहायला लागले. नियमांचं पुस्तक मी वाचलेलं आहे. मी म्हटलं, "सर, खेळाडूने ओरडून फसवलं तर कार्ड आहे. प्रेक्षकासाठी कार्ड नाही." ते म्हणाले, "तेच म्हणतो मी, पण बाई, तुम्ही ओरडलात कशाला?" दवाखान्यातलं सांगू का? एवढ्या माणसांत? सातपुडावाले "चारसोबीस बाई" म्हणत होते, आणि आपली पोरं मी मुद्दामच केलं म्हणून टाळ्या पिटत होती. त्या टाळ्या मला शिव्यांपेक्षा जास्त लागल्या. यांच्या नावाच्या स्पर्धेत यांच्या बायकोने लबाडीने मॅच जिंकून दिली, असं आता गाव वर्षानुवर्षं कौतुकाने सांगणार.

कामरानसेठने शेषरावला दंडाला धरून पुढे आणलं. "मॅनेजर तुमी हाय. बोला. फसवलं म्हणा, मॅच पुन्हा खेळवा म्हणा."

रीत तुम्हाला लिहिली होतीच. त्याने हो म्हणायचा अवकाश, मॅच पुन्हा झाली असती आणि त्याची खुर्ची तोवर राहिली असती.

शेषरावने तोंडातला रुमाल काढला. घडी केली. माझ्याकडे पाहत होता. मग शंकरराव सरांना म्हणाला, "तक्रार न्हाई."

"काऊन नाही बे?" कामरानसेठ ओरडला.

"बाईनं फसवलं न्हाई. ती हाक खरी हाय. वळखतो मी."

"मंग तुमी राहा इथंच, हाका वळखत!" सेठ म्हणाला. आणि खरंच, मॅच संपली तशी सातपुडाची जीप त्याला न घेता निघून गेली. जाताना जाकीरने तेवढा मागे वळून हात केला.

लोक पांगले. तो शाळेच्या पायरीवर मेहकरच्या एसटीची वाट पाहत बसला होता. टेबलावर टॉवेल-टोपी तशीच पडली होती. मी ती उचलली आणि गेले.

म्हटलं, "हे राहिलं तुमचं."

तो उठून उभा राहिला. टॉवेल घेतला. टोपी घातली नाही, हातातच धरली. मग त्याने विचारलं, "वहिनी, ही हाक तुम्हाला कुणी सांगितली?"

"यांनी."

"प्रेमानंदनं? कवा?"

"दवाखान्यात. शेवटी."

त्याने टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "हात असा ढकलला होता का?"

मी मान हलवली.

"मग मागं पाह्यचं न्हाई, वहिनी. तो मागं असतो."

मी म्हटलं, "तुमचा डावा बॅक मात्र अगदीच बेकार आहे."

तो म्हणाला, "बेकारच हाय. शिवणकाम बरं करतो."

एसटी आली आणि तो गेला. मॅनेजर म्हणून त्याच्याबद्दलचं माझं मत होतं तेच आहे. जो शब्द जगात दोघांनाच कळतो, तो अख्ख्या क्लबाला ओरडून सांगणारा माणूस मूर्खच. बुलढाण्याच्या स्टँडवरून परत फिरणंही मी विसरणार नाही. दुकानात आला तर चहा द्या. बिस्किटं दोनच ठेवा.

यांच्या मागे इतके दिवस मी मागेच पाहत होते, हे त्याला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

रविवारी पंचशीलची पुढची मॅच हिवरा आश्रमच्या पोरांशी आहे. पोरांनी मला विचारलं, "काकू, पुन्हा वरडणार का?" मी म्हटलं, वरडणार, पण आधी तुम्हाला त्याचा अर्थ शिकवणार.

आज संध्याकाळी सगळ्यांना मैदानावर बोलावलं आहे. ऊन उतरलं की निघते.

तुमची
महामाया